पाठमोऱ्या बायका

संग्रहालयातल्या त्या मोठ्या निसर्गचित्रापुढे गाईडबाईंचे पाय रोजच्यासारखे भरून आले होते, पण टकळी चालूच होती. "ऊन बघा, सगळं मालकाच्या बंगल्यावर. पीक कापणाऱ्या बायका मात्र सावलीत, वाकलेल्या, पाठमोऱ्या. चित्रकाराने त्यांना चेहराच दिलेला नाही."

"आणि हा विळा कुणाचा?" घोळक्यातल्या एका आजोबांनी विचारलं.

बाईंनी वळून पाहिलं. वाकलेल्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिथे नुसता विळा पडला होता. कालपर्यंत तो कुणाच्या तरी हातात होता.

घोळक्यामागे कुणीतरी कंबर सरळ करत सुस्कारा सोडला. ओल्या मातीचा वास आला.

"रोज ऐकते गं तुझं," थकलेला आवाज अगदी कानाशी म्हणाला. "आता घटकाभर तू वाक."