भाविकाची चोरी

"सिस्टर, धावत या! माझ्या पोरीनं चोरी केली!"

जयवंतीच्या हाकेनं सरकारी दवाखान्यातला कुपोषित मुलांचा अख्खा वॉर्ड दचकला. अंगणवाडीताईंनी जयवंतीच्या सासूशी वाद घालून तिला आणि दीड वर्षांच्या भाविकाला इथे आणून सोडलं होतं. तेव्हापासून पोरगी अन्नाकडे ढुंकूनही बघत नव्हती. भरवलेला प्रत्येक घास जिभेनं बाहेर ढकलायची. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. आज सकाळी तर जयवंतीनं घरी परतायला पिशवी भरून ठेवली होती.

आणि आता भाविकानं शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या हातातलं सोललेलं केळं हिसकावून सरळ तोंडात कोंबलं होतं!

मुलानं भोकाड पसरलं. त्याची आई चिडून उठली, पण जयवंतीचा आनंदानं फुललेला चेहरा बघून तीही हसायला लागली.

सिस्टर धावत आल्या आणि भाविकाचे फुगलेले गाल बघून ओरडल्याच, "अगं, हिला भूक लागली! आता ही पोरगी जगते बघ!"

जयवंतीनं डोळे पुसत आपल्या ताटातलं केळं त्या रडणाऱ्या मुलापुढे धरलं. त्यानं हात पुढे करायच्या आत भाविकानं तेही ओढलं.