चौथी नळी

काचेच्या नळीला तारेचे बारा पाय. ते त्याने जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाहून एक आखूड कापले होते, म्हणजे सर्किटच्या पट्टीतल्या भोकांत एकेक करून ओवता येतात. आठवा ओवताना त्याने चष्मा वर ढकलला.

"आज तरी होणार का हो?" बायकोने विचारलं. ती जमिनीवर बसून खोकी बांधत होती.

"तीन नळ्या बसल्यात. ही बसली की घड्याळाचे आकडे काचेत पेटतील."

"दर वेळी चौथीच कशी मोडते?"

"जुना माल गं. पाय काचेपाशी तुटला की नळी कचऱ्यात. आणि नवी यायला महिना."

गेल्या वर्षी मुलाने दोघांना कायमचं आपल्याकडे बोलावलं होतं. "घरी घड्याळ बनवतोय, तेवढं पुरं झालं की येतो," असं याने फोनवर सांगून टाकलं. मुलगा बापासारखाच चिवट. दर रविवारी घड्याळाची चौकशी करायचा. या घराला गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं.

बायको थकली होती, ते त्याला दिसत होतं. सकाळी खोकं बांधायचं आणि संध्याकाळी त्यातूनच पातेलं बाहेर काढायचं, हे किती दिवस चालणार? तिचा जीव नातवंडांत अडकलाय आणि आपण इथे आकडे पेटवत बसलोय, याची त्याला लाज वाटली. माणसाने एकदा काय ते ठरवावं.

बारावा पाय ओवला गेला.

"झालंच," तो म्हणाला. "तोंड धुऊन येतो, मग सोल्डर करतो. मुलाला कळव, पुढच्या आठवड्यात निघतोय."

तिचे हात सुतळीवर थांबले. "नक्की?"

"नक्की."

"बरं. चहा टाकते."

तो परत आला तेव्हा टेबलावर चहा होता आणि शेजारी फडक्यावर नळी आडवी पडलेली. तिचा एक पाय काचेपाशी तुटला होता.

"धूळ पुसायला उचलली," बायको पाठमोरीच म्हणाली. "जुना माल, तुम्हीच म्हणता ना."

तो खुर्चीत बसला. चहा निवत होता. आजवर कचऱ्यात गेलेल्या सातही नळ्यांचे पाय, बायको बाजारात गेली की, त्याने स्वतःच चिमट्यात धरून मोडले होते.

आज तो मोडणार नव्हता.