श्रीखंडाचे डबे

पाणी पलंगाच्या गादीला टेकलं तेव्हा उर्मिलाने मदत केंद्राला पुन्हा फोन लावला. पलंगावर तिचे सासरे अण्णा होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

"ताई, होड्या आता यंत्रणाच पाठवते," पलीकडचा मुलगा म्हणाला. "घरोघरच्या हवामान-यंत्रांचे आकडे बघून. तुमच्या गल्लीत पाऊसच नाही."

"अरे, मी मांडीएवढ्या पाण्यात उभी आहे."

"असाल. पण सगळी गल्ली नाही म्हणतेय."

पूरग्रस्त असा शिक्का बसला की घरांचे भाव पडतात, म्हणून गल्लीने ठरवून पर्जन्यमापकांवर श्रीखंडाचे रिकामे डबे पालथे घातले होते. कल्पना उर्मिलाचीच. डबेही तिनेच वाटले होते.

"मापकांवरचे डबे आत्ता काढले तर?"

"मग मोजणी आजपासून धरतील. होडीला तीन दिवसांचा पाऊस लागतो. पण अगदीच दुर्लक्ष नाही हं. दुष्काळी गल्ली म्हणून तुम्हाला टँकर मंजूर झालाय. निघालाय तो. टाकी रिकामी ठेवा."

"कोणी येतंय का गं?" अण्णांनी विचारलं. त्यांची उशी भिजली होती.

"येतायत, अण्णा," उर्मिला म्हणाली. "पाणी घेऊन येतायत."