वाचेची जागा

“शास्त्रीबुवा, थांबू नका. म्हणत राहा,” मस्तकामागून डॉक्टरीणबाईंचा स्वर आला. मेंदूतली गाठ वाचेच्या केंद्राला खेटून होती. म्हणून कवटी उघडूनही नीळकंठशास्त्र्यांना जागे ठेवले होते.

साठ वर्षे मुखोद्गत असलेला रुद्र ओघाने चालला होता. अकस्मात जीभ खिळली. पुढचा शब्द मनात लख्ख दिसत होता, पण ओठांवर येईना. वाचा गेली, असे भय त्यांना वाटले.

“सापडली वाचेची जागा. इथे सुरी लावायची नाही,” असे म्हणत बाईंनी मेंदूवर टेकवलेली विजेची कांडी उचलली, आणि अडलेला शब्द सुटला.

“अडखळलो, बाई. आमच्या गुरुजींचा दंडक आहे, अडखळला त्याने पहिल्यापासून म्हणायचं,” शास्त्री म्हणाले.

“म्हणा. पण आता अडखळू नका. सुरी त्या जागेच्या शेजारूनच चालणार.”

शास्त्र्यांनी डोळे मिटून कोरड्या ओठांनी ॐकार उच्चारला.