बदामाची लाल बाजू

"भिंतीपलीकडं गेलेल्या साऱ्या फांद्या उतरव," श्यामरावांनी कुऱ्हाडवाल्याला फर्मावलं. "एक भी नहीं छोड़ना."

बदामाचं झाड त्यांचं. खड्डा त्यांनी खणला, शेणखत त्यांनी घातलं, पाणी अजूनही तेच घालतात. आणि थंडीत झाड लाल होतं कुठं? तर शेजारच्या यशवंतरावांच्या अंगणात! इकडं मळकट पिवळी पानं, तिकडं लालबुंद. समता कॉलोनीतल्या पोट्ट्या तिथं फोटो काढायला येतात आणि यशवंतराव खुर्ची टाकून "या, या" करतात. जसं काही यांच्या बापानंच लावलं होतं! श्यामरावांचा नुसता जळफळाट व्हायचा.

कुऱ्हाडवाला झाडावर चढला तशी यशवंतरावांची सून अपर्णा धावत भिंतीपाशी आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"काकाजी, काहून कापून राहिले?"

"झाड माहं, अन् लाल तुमच्याकडं! काय जादू करता का काही?"

"जादू कायची? हिरवा रंग ओसरला का आतला पिवळा दिसते, तो तर असतोच. लाल मात्र नवा बनते. दिवसा ऊन लागलं का पानात साखर होते, रात्रीच्या थंडीनं ती तिथंच अडकते, तिच्यातून लाल बनते. आमच्या बाजूला दुपारचं ऊन आहे. तुमच्याकडं सकाळचं यायचं ना? मी लग्न होऊन आली तवा तर तुमचीच बाजू जास्त लाल होती."

होती खरी. श्यामरावांना आठवलं. मग यशवंतरावांनी दुसरा मजला चढवला. तो पाहून श्यामरावांचं जेवणात लक्ष लागेना. वर्षाच्या आत त्यांनी स्वतःच्या घरावर तिसरा चढवला. तिथं कोणी राहत नाही.

दारात त्यांची बायको लता ओल्या पापडांचं ताट घेऊन उभी होती.

"मी केव्हाची सांगून राहिली," ती म्हणाली. "तो मजला उठला तवापासून अंगणात सकाळचं ऊन नाही. माहे पापड वाळत नाहीत, पानं काय लाल होतील?"

श्यामराव मान वर करून आपल्या तिसऱ्या मजल्याकडं पाहत राहिले.

"साहब," झाडावरून आवाज आला, "बताओ, क्या काटना है?"