कुणीच न ऐकलेलं गाणं

"हे गाणं तुमच्यापैकी कुणीच ऐकलेलं नाही," असं मी माईकवर सांगितलं आणि गिटार छेडली. दुसऱ्या ओळीला सगळं मैदान माझ्याबरोबर गायला लागलं.

माझा कॉर्ड चुकला. आमच्या बँडनं हे गाणं कधी बाहेर काढलंच नव्हतं. कॉलेजात असताना कोल्हापुरात, आमचा ड्रमर दिग्विजयच्या घरी, टेपरेकॉर्डर लावून ते एकदाच रेकॉर्ड केलं होतं. ऐन रंगात त्याची आई स्वयंपाकघरातून ओरडली आणि रेकॉर्डिंगची माती झाली. वैतागून आम्ही ती कॅसेट फेकून दिली. पुढं बँडही मोडला. आज वीस वर्षांनी पुन्हा एकत्र उभे राहिलो, तर ही पोरं शब्द न् शब्द म्हणत होती! कुठल्या चोरानं ती कॅसेट उचलून गावभर वाटली? मनातल्या मनात शिव्या घालत मी गात राहिलो.

दुसरं कडवं संपलं आणि पोरं एकदम गप्प झाली. मग सगळं मैदान एका आवाजात ओरडलं, "दिग्या, बास की आता! भाकरी गार झाली!"

मी गर्रकन मागं वळलो. त्या दिवशी आईच्या हाकेवर दिग्विजय चिडला होता आणि आणखीच जोरात बडवत सुटला होता. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

ड्रम थांबले होते. दिग्विजयनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि समोरचा माईक जवळ ओढला.

"आलो गं, आई."