टेकडी

"दार कुणी उघडायचं नाही," सरांनी बजावलं आणि स्वतःच पंखा बंद केला. वाऱ्याच्या झुळुकीनंसुद्धा तापमान हलतं. तांब्याच्या ठोकळ्यात, दोन काचांच्या मधोमध, द्रवस्फटिकाचा पातळ थर हळूहळू निवत होता. आत्ता तो पाण्यासारखा नितळ होता. आणखी थोडा निवला की रूप पालटून गढूळ होणार. तो किती वीज साठवतो, ते पडद्यावरची रेघ सांगत होती.

रूप पालटण्याच्या ऐन आधी ही रेघ टेकडीसारखी वर चढते, हा सरांचा तरुणपणीचा शोध. पाठ्यपुस्तकात तो त्यांच्याच नावानं छापलाय. आणि त्यांच्या विद्यार्थिनीला नेमकी ती टेकडी काही केल्या सापडत नव्हती. प्रबंधावर सही सरांचीच लागणार. पाण्यात राहून माशाशी वैर!

"नाचता येईना अंगण वाकडं, बाईसाहेब," असं म्हणून आज सरांनी तारा स्वतः जोडल्या होत्या, तिनं दिलेल्या बाटलीतून नमुनाही स्वतःच भरला होता. आता चूक निघाली तर ती तिची नव्हती.

दोघांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. थर गढुळला. रेघ जराही न चढता धाडकन खाली आली.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "नमुना कुठला?"

"तुमचाच, सर. मी फक्त त्यातले क्षार काढून टाकले." "काल मुद्दाम न काढता घेतला, तर टेकडी आली. ती क्षारांची आहे."

संपलं आपलं, असं तिला वाटलं. भीती होतीच, पण त्यांच्याकडे बघून तिला त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"शोधनिबंधावर माझं नाव आधी टाक," शेवटी ते म्हणाले. "तुझं मागून."

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, काम माझं आहे!"

"तुझंच आहे. पण तू मला खोटं पाडलंस, तर माझी मित्रमंडळी तुला कुठं उभं करणार नाहीत." त्यांनी पडद्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. "मीच स्वतःला खोटं पाडलं, तर फार तर हसतील."